मागच्या दाराला कुलूप लागत नाही

हे घडलेलं आहे.

पटत नसेल तर माझ्याशी वाद घालू नका. सोलो शहराच्या दक्षिणेला सावो बाजार आहे, तिथे जा. पाहिंगच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मागच्या दाराशी, चिकूच्या झाडाखाली उभे राहा. मग मला येऊन सांगा, वेनिंग खोटं बोलते म्हणून.

वेनिंग म्हणजे मी. सरकारी इमारतींत कॅमेरे बसवायचे, दारांना कार्डाची कुलपं लावायची आणि ते सगळं एका पडद्याला जोडून द्यायचं, हे माझं काम. दवाखाने, बस स्टँड, वाचनालयं, कचेऱ्या... कुठलं दार कधी उघडावं आणि कुणासाठी, हे ठरवण्यात माझी उमर गेली. बाईमाणूस शिडीवर चढून भिंतीला भोकं पाडतं हे काहींना खुपतं. खुपू दे.

भुतंखेतं मी मानत नव्हते. आज मानते का? माहीत नाही.

पण त्या दाराची वायर मी माझ्या हाताने जोडली आहे. म्हणून गप्प बसणार नाही.

आधी थोडं मागचं सांगते.

आमच्याकडे बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा. सावो बाजार रोज उघडतो, पण त्या पाचांतला पाहिंग हा मोठ्या बाजाराचा वार, त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. भाजीचे, नारळाचे ट्रक उजाडायच्या आत येतात. ते रिकामे करतात बायका. पट्ट्यांच्या जाड कापडात पोतं बांधायचं, कापडाची गाठ छातीवर, ओझं पाठीवर. या हमालणींची गावं लांब डोंगरात. अवेळी गाडी मिळत नाही. म्हणून त्या आदल्या संध्याकाळीच येतात आणि बाजारातच झोपतात. त्यांच्या आया अशाच झोपायच्या. आज्याही.

हे सगळ्यांना माहीत आहे.

फक्त कागदाला माहीत नाही.

जुना बाजार जळाला तो पाहिंगच्या आदल्या रात्री. मागच्या दाराला साखळी होती, साखळीला कुलूप होतं. सकाळी बाजारप्रमुखाने सांगितलं, बाजार रिकामा होता, कोणीही दगावलं नाही. पेपरात तसंच छापून आलं. वर 'सुदैवाने' असा शब्दही घातला होता.

त्या बाजारप्रमुखाचं नाव हेंदार्तो. बाजार पुन्हा बांधला, आणि प्रमुख म्हणून पुन्हा तोच बसला. नव्या इमारतीत कॅमेरे आणि कुलपं बसवायला आमच्या कंपनीला बोलावलं ते त्यानेच.

आम्ही दोघं होतो. मी आणि यांतो. यांतो माझ्याच वयाचा, वायर ओढताना सतत बडबड करणारा. बाजार चालू असतानाच लोकांच्या डोक्यावर आमचं काम चालायचं. खालून मिरचीवाल्या ओरडायच्या, "ए शिडीवाली, कॅमेरा माझ्या तोंडाकडे लाव, तराजूकडे नको."

इमारतीला तीन दारं. पुढचं, बाजूचं आणि मागचं. तिन्हींना चुंबकाची कुलपं. वीज आहे तोवर दार चिकटलेलं, वीज तोडली की सुटलं. आगीचा भोंगा वाजला की वीज आपोआप तुटली पाहिजे आणि दारं उघडली पाहिजेत. मी ती जोडणी आधी केली, मग बाकीची कामं.

दुसरी एक गोष्ट मी केली. छतात सेन्सर बसवले. आत कुठेही माणूस असला की पडद्यावर लाल पट्टी येणार... आत व्यक्ती आहे. ती पट्टी आहे तोवर एकाही दाराला कुलूप लागणार नाही. कितीही वेळा बटण दाबा.

कोणी आत कोंडलं जाऊ नये, एवढाच हेतू.

पहिल्यांदा घडलं ते एका संध्याकाळी. बाजार उठला होता. हमालणींना आम्ही विनंती करून चाचणी होईपर्यंत बाहेर झाडाखाली बसवलं होतं. सगळ्या गल्ल्या रिकाम्या. मी वरच्या खोलीत पडद्यांसमोर बसले आणि बंद करायचं बटण दाबलं.

लाल पट्टी.

आत व्यक्ती आहे. मागची गल्ली.

मी मागच्या गल्लीचा कॅमेरा मोठा केला. फरशी. बंद गाळे. शेवटी ते दार.

कोणी नव्हतं.

"मांजर असेल," यांतो म्हणाला.

मांजराला सेन्सर मोजत नाही. तसं यांतोनेच लावून घेतलं होतं. तो बॅटरी घेऊन खाली गेला. मी पडद्यावर बघत होते. तो गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. नाक वर करून वास घेतला.

वॉकीटॉकी खरखरला. "वेनिंग, इथे कुणी बाम चोळलाय का?"

मी म्हटलं, तू एकटाच आहेस तिथे, पुढे जा.

तो पुढे गेला. एक पाऊल टाकलं...

आणि उचललेला पाय तसाच वर धरून उभा राहिला.

"काय झालं?"

मग हळू आवाजात, "पायाखाली मऊ लागलं."

फरशी मला स्वच्छ दिसत होती. त्यावर कागदाचा कपटाही नव्हता.

मग यांतोने जे केलं ते मी विसरणार नाही. तो कमरेत वाकला. उजवा हात गुडघ्याच्याही खाली सोडला. वडीलधारी माणसं बसलेली किंवा निजलेली असताना त्यांच्या समोरून जावं लागलं तर आम्ही जातो तसा. "नुवून सेवू... नुवून सेवू..." माफ करा, जाऊ द्या, असं पुटपुटत तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून गेला. पाय शोधून शोधून टाकत.

रिकाम्या गल्लीतून.

वर आला तेव्हा त्याची बडबड बंद होती. मी विचारलं, कुणाला माफ करा म्हणत होतास? तो म्हणाला, "मला काय माहीत. तोंडातून निघालं."

दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही. बटण दाबलं की टक, टक, टक, तिन्ही दारं बंद. मी सेन्सर बदलला, वायर बदलली, आणि बिघाड सापडला म्हणून खूश झाले.

मग पुन्हा लाल पट्टी. मागची गल्ली.

यांतोने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "वेनिंग, उद्या पाहिंग आहे. मागच्या वेळेलाही दुसऱ्या दिवशी पाहिंगच होता."

मी त्याला म्हटलं, यंत्राला पाहिंग कळत नाही.

"यंत्राला नाही कळत," तो म्हणाला, "पण..."

तो पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागला.

त्याच संध्याकाळी मी खाली झाडाशी गेले. तिथे पाक कार्सोची, म्हणजे कार्सोबाबाची हातगाडी असते, सोयाबीनचे तळलेले तेंपे आणि आल्याचा चहा. म्हातारा पूर्वी याच बाजाराचा राखणदार होता. आगीनंतर त्याला काढून टाकलं. गाडीशेजारी एक हमालीण बसली होती, खांद्याला बाम चोळत. लास्मी. तिशीची असेल, पण पाठ साठीची झालेली.

तिने बूड न हलवता मला विचारलं, "मबाक, अहो ताई, तुमचं यंत्र बंद होत नाही ना?"

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं?

"सांगायला कशाला पाहिजे. आई आहे आत."

असं म्हणाली, जणू आई भाजी निवडत बसली आहे.

तिची आई तुकियेम. तीही हमालीणच. मागच्या दाराजवळची झोपायची जागा तुकियेमची. तशी जागा आईकडून लेकीला मिळते, दुसरी कोणी तिथे अंथरत नाही. आगीच्या रात्री लास्मी गावाकडे होती, पोराला ताप होता म्हणून. आई एकटी आली होती. सकाळी लास्मी धावत पोचली तर दाराची साखळी तशीच, काळी पडलेली. मागची सगळी गल्ली वितळून, ढासळून एकच ढीग झालेला. यंत्रांनी तो ढीग त्याच दिवशी भरून नेला. कोणी चाळला नाही. रिकाम्या बाजारात काय चाळायचं?

लास्मी कचेरीत गेली. हेंदार्तोच्या माणसांनी तिला सांगितलं, आई मलेशियाला पळाली असेल कुणाबरोबर.

"गुडघे धरून संडासला जायची हो," लास्मी म्हणाली. "ती मलेशियाला पळाली म्हणे."

पाक कार्सो हसला. मग डोळे पुसले.

आमच्यात माणूस गेलं की प्रार्थना ठेवतात. सातव्या दिवशी, चाळिसाव्या, शंभराव्या, आणि शेवटची हजाराव्या दिवशी. मग ते माणूस मोकळं झालं असं समजतात. तुकियेमची एकही प्रार्थना झाली नव्हती. गावच्या मौलवीने विचारलं, मेली त्याचा दाखला? दाखला नाही. मग कोणत्या दिवसापासून मोजू?

"मला पैसा नको," लास्मी म्हणाली. "त्यांनी एवढंच लिहावं की ती आत होती. आणि ते दार कुलपात घालू नये. अजून आम्ही तिथेच झोपतो."

मग पाक कार्सोने जुनी रीत सांगितली. तो राखणदार होता तेव्हा रोज संध्याकाळी बांबूचा ठोकळा वाजवत सगळ्या गल्ल्या फिरायचा. शेवटी मागच्या दाराशी उभा राहून हाक मारायचा, आत कोणी आहे का? आतून बायका ओ द्यायच्या, "मोंग्गो, पाक." आम्ही आहोत, तुम्ही निघा. उत्तर आलं की तो साखळी नुसती अडकवायचा. कुलूप लावायचा नाही. उत्तर आलं नाही, तरच कुलूप.

हेंदार्तो आला आणि त्याने ही रीत बंद केली. खेडवळपणा म्हणाला. किल्ली स्वतःकडे घेतली. आगीच्या रात्री कुलूप त्याने लावलं होतं.

हाक न मारता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हेंदार्तोने मला कचेरीत बोलावलं. माणूस ओरडणारा नाही. आवाज मऊ, शर्ट इस्त्रीचा, समोर बिस्किटं. मला 'बू वेनिंग' म्हणाला, मानाने. मग म्हणाला की मागच्या दाराची भोंग्याशी असलेली जोडणी काढून टाका. त्या गल्लीतला सेन्सरही काढा. चोर मुद्दाम भोंगा वाजवतील आणि माल घेऊन मागून पळतील.

मी म्हटलं, आग लागली तर?

"मी स्वतः इंजिनियर आहे, बू. तुम्ही काय म्हणताय ते मला तुमच्याइतकंच कळतं. पुढचं दार उघडेल, बाजूचं उघडेल. मागे रात्रीचं कोणी नसतंच, तर ते दार कुणासाठी उघडायचं?"

मी म्हटलं, हमालणी असतात.

"नसतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला सगळं समजलं. आज असतात असं म्हटलं, तर तेव्हाही होत्या असं होईल. तेव्हा होत्या, तर कुलूप कुणी लावलं असा प्रश्न येईल. त्याला आगीची भीती नव्हती. त्याला दाराची भीती होती.

हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

बिस्किटांची बशी त्याने बाजूला सरकवली. तुमच्या मालकांशी बोलतो, म्हणाला. उद्या जिल्ह्याचे अधिकारी येणार आहेत, पडद्यावर तिन्ही दारं बंद दिसली पाहिजेत, नाहीतर या गावात तुमच्या कंपनीला पुन्हा काम मिळणार नाही आणि तुम्हाला तर कुठेच मिळणार नाही.

"मी ती वायर कापणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही कापा. आणि कापताना कॅमेऱ्याकडे बघा."

मालकाचा फोन आला. शिव्या खाल्ल्या. वायर कापली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या वीजवाल्याने ती कापली. सेन्सरही छतातून काढून नेला. मी वरच्या खोलीत बसून पडद्यावर बघत होते. मागच्या गल्लीच्या छताला नुसतं भोक राहिलं, त्यातून दोन वायरी लोंबत होत्या.

कशालाही न जोडलेल्या.

हे नीट लक्षात ठेवा.

उद्घाटन संध्याकाळी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहिंग, म्हणजे मोठा बाजार आणि छान फोटो. हमालणींना झाडापलीकडे थांबवलं होतं. पुढच्या दारापाशी खुर्च्या, खाऊचे डबे, आणि मोठा पडदा मांडलेला. चहाचं काम पाक कार्सोला दिलं होतं, कारण तो स्वस्तात करतो. कपांचा ट्रे घेऊन फिरत होती लास्मी. मी आणि यांतो पडद्याशेजारी.

हेंदार्तोने भाषण केलं. सुरक्षित बाजार, आधुनिक बाजार. मग म्हणाला, आता एका बटणावर सगळा बाजार कसा बंद होतो ते बघा.

बटण दाबलं.

काही झालं नाही.

मग पडद्यावर... लाल पट्टी.

आत व्यक्ती आहे. मागची गल्ली.

यांतोने माझा दंड धरला. तिथे सेन्सरच नव्हता. जे यंत्र भिंतीवर नाही, ते सांगत होतं की आत माणूस आहे.

हेंदार्तो हसला. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. अधिकाऱ्यांतल्या एकाने डबा खाली ठेवला.

मशिदीतून मगरिबची बांग सुरू झाली. अशा वेळी आमच्याकडे पोरांना घरात ओढून घेतात.

मागच्या दाराशी आतल्या बाजूला बाहेर पडायचं बटण आहे. त्याला छोटा दिवा आहे, एरवी लाल, कोणी दाबलं की हिरवा. बटणाच्या खाली बोलायचा माइक आहे. हे सगळं मोठ्या पडद्यावर दिसत होतं.

दिवा हिरवा झाला.

मग लाल.

हिरवा...

पडद्याच्या स्पीकरमधून आवाज यायला लागला. टिक. जरा थांबून, टिक. कोणीतरी अगदी बेताने बटण दाबत होतं. पाहुण्याच्या घरची वस्तू हाताळावी तसं. पडद्यावर फरशी दिसत होती, दार दिसत होतं, बटण दिसत होतं.

बोट नव्हतं.

टिक... टिक... मग धप्प. तळव्याने मारल्यासारखं. मग पुन्हा, दोन्ही तळव्यांनी.

"बंद करा तो आवाज," हेंदार्तो मला म्हणाला.

मी हात मागे बांधले.

तेवढ्यात पाक कार्सोने किटली खाली ठेवली. तो म्हातारा पाय ओढत पडद्यापाशी आला, टेबलावरचा माइक हातात घेतला आणि त्याने जुन्या सवयीने गळा साफ केला. कुणी त्याला अडवलं नाही. मला वाटतं कुणाचा पाय उचलत नव्हता.

"आत कोणी आहे का?"

आवाज थांबला.

बांगेचा शेवटचा सूर हवेत होता. मिरचीचा ठसका लागून एक अधिकारी खोकला आणि गप्प झाला.

आणि स्पीकरमधून, जवळून, झोपेतून उठलेल्या माणसाच्या घोगऱ्या आवाजात...

"मोंग्गो, पाक."

लाल पट्टी गेली.

टक. पुढचं दार. टक. बाजूचं. आम्ही सगळे थांबलो.

तिसरं टक झालं नाही. मागचं दार पडद्यावर हिरवंच राहिलं. उघडं.

पहिल्यांदा बोलला तो हेंदार्तो. चेहरा पिठासारखा झाला होता, तरी बोट रोखून म्हणाला, "ही त्या हमालणीच्या पोरीची कारस्थानं आहेत. ती आत शिरली आहे."

लास्मी माझ्या शेजारी उभी होती. हातात कपांचा ट्रे तसाच होता.

तिने ट्रे अधिकाऱ्यांच्या पुढ्यात, खाऊच्या डब्यांवरच ठेवला. हात पदराला पुसावेत तसे पाठीच्या कापडाला पुसले.

"साहेब, आवाज तिथे आहे. मी इथे आहे." तिचा आवाज जराही हलला नाही. "सगळ्यांनी ऐकलंय. आता लिहा. आत कोणीतरी होतं."

कुणी लिहिलं नाही.

हेंदार्तो म्हणाला, यंत्रातला दोष आहे. अधिकारी माना डोलवत गाड्यांत बसले. खाऊचे डबे मात्र न विसरता नेले.

पण त्या रात्री झाडाखालच्या बायका उठल्या, कापडं खांद्यावर टाकली, आणि मागच्या उघड्या दारातून आत जाऊन आपापल्या जागी झोपल्या. लास्मी सगळ्यात पुढे. हेंदार्तोच्या शिपायांनी त्यांना अडवलं नाही. अडवायला त्या गल्लीत यावं लागलं असतं.

माझी नोकरी गेली. अपेक्षाच होती. आता मी आणि यांतो आमचं आम्ही काम घेतो.

सावो बाजारात दुसरी कंपनी आली. त्यांनी चुंबक बदलला. पाहिंगच्या आदल्या संध्याकाळी दार उघडं. तिसरी कंपनी आली, तिने सगळं यंत्रच बदललं. दार उघडं. शेवटी चिडून हेंदार्तोने यंत्र बाजूला ठेवलं आणि जुन्यासारखी साखळी आणि मोठं कुलूप आणलं. स्वतः लावलं, किल्ली खिशात घातली.

सकाळी साखळी दाराला नुसती अडकवलेली होती. पाक कार्सो अडकवायचा तशी. कुलूप, मिटलेलंच, चिकूच्या बुंध्याशी व्यवस्थित ठेवलेलं.

त्यानंतर हेंदार्तोने बदली मागून घेतली. बढतीही मिळाली. अशा माणसांना मिळतेच. नव्या प्रमुखाने दाराचा नाद सोडला आहे.

कागदावर अजूनही बाजार रिकामाच होता.

लास्मीने कागदाची वाट बघणं सोडलं. आगीच्या रात्रीपासून तिने स्वतःच मोजलं आणि हजाराव्या दिवशी मागच्या दाराशी, झाडाखाली, चटया अंथरून प्रार्थना ठेवली. गावचा मौलवी आधी कां-कूं करत होता, मग आला. मी आणि यांतोही गेलो. पाक कार्सोने ठोकळा वाजवला. केळीच्या पानात भात वाढला, नव्या प्रमुखालाही एक पान पाठवलं. खाल्लं म्हणतात त्याने.

मला वाटलं, संपलं. तुकियेम मोकळी झाली.

पण एक गोष्ट राहिली आहे. तीच मला स्वस्थ बसू देत नाही.

त्या दोन कंपन्यांनी सगळं बदललं, तरी मागच्या दाराची सूचना अजून माझ्या फोनवर येते. का येते ते मला सांगता येणार नाही. मी त्या यंत्रात आता कुठेच नाही. पाहिंगच्या आदल्या दिवशी, बांगेच्या वेळेला फोन थरथरतो, आणि कॅमेऱ्याचं चित्र उघडतं.

हजाराव्या दिवसानंतरही.

दार आधी फटीएवढं उघडतं. मग पूर्ण. आणि तसंच राहतं... जसं कोणी त्याला पाठ लावून, दुसऱ्यांसाठी धरून उभं आहे. उंबऱ्यावर चिकूची सुकी पानं पडलेली असतात. ती जरा सरकतात. थांबतात. पुन्हा सरकतात. थांबतात. पुन्हा. बांग संपते, रस्त्यावरचे दिवे लागतात, आणि पानं सरकतच असतात.

गुडघे दुखणारी बाई असली, पाठीवर पोतं असलं, तरी एका बाईला उंबरा ओलांडायला एवढा वेळ लागत नाही.

परवा मी यांतोला विचारलं. त्या पहिल्या संध्याकाळी तू गल्लीभर वाकून का चालत होतास? तुकियेमची जागा तर दाराजवळ होती. तिच्यापुरता वाकला असतास तर चाललं असतं.

तो वायरीचं टोक सोलायला लागला.

मग म्हणाला, "सरळ उभं राहायला जागाच मिळाली नाही गं."

कागद म्हणतो, कोणी नव्हतं. लास्मी म्हणते, आई होती.

आणि दुसऱ्या बायका? डोंगरातून आलेल्या, ज्यांना शोधायला कचेरीत कोणी लेक आली नाही?

आज पाहिंगचा आदला दिवस आहे. ऊन उतरलंय. फोन समोर ठेवलाय.

आज मी पहिल्यांदाच, पानं किती वेळा सरकतात ते मोजणार आहे. आणि जो आकडा येईल तो त्या कचेरीच्या भिंतीवर माझ्या हाताने लिहून येणार आहे.